नवा लेपर्ड गेको सहा दिवस खात नाही, दिवसभर लपून बसतो: काय करावं?

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. सहा दिवसांपूर्वी, लेकीच्या नवव्या वाढदिवसाला, तुम्ही इंग्लंडमधल्या एका दुकानातून लेपर्ड गेको, म्हणजे पाळली जाणारी ठिपकेदार पाल, आणलात. दुकानदाराच्या अंदाजाने तो सहाएक महिन्यांचा आहे. तीन फुटी लाकडी व्हिवेरियम (प्राणी ठेवायची, पुढून काचेची पेटी) आहे, डाव्या बाजूला खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), उजव्या कोपऱ्यात नारळाची करवंटी, मागच्या भिंतीला चिकटवलेला गोल तापमापक आणि आत सोडलेले दहाबारा रातकिडे. गेको दिवसभर करवंटीखाली असतो. एकदाही खाल्लेलं नाही. लेक शाळेतून आली की त्याला बाहेर काढून हातावर घेते. काल त्याने शेपटी वर करून हलवली आणि चिरकला, तेव्हापासून ती रडवेली आहे. त्याचं तोंड उघडून भरवावं का, असं तुम्ही विचारताय. शिवाय पुढच्या महिन्यात साताऱ्याहून आई येणार आहेत आणि त्यांना पालीची प्रचंड भीती वाटते.

तोंड उघडून भरवू नका. जबडा नाजूक असतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि आधीच घाबरलेल्या प्राण्याला माणसाच्या हाताची दहशत बसते. तशी वेळ आलीच तर ते काम सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचं.

मी इंग्लंडमध्येच राहते. बरीच वर्षं लेपर्ड गेको पाळतेय, आणि लोकांना सांभाळणं जमेनासं झालेले गेको घरी ठेवून, त्यांना सावरून नवी घरं शोधून देते. त्यामुळे नव्या जागेत आलेला, न खाणारा, लपलेला गेको हे माझ्या घरातलं नेहमीचं दृश्य आहे. नव्या जागेत पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, खाणं बंद राहणं यात आजार असतोच असं नाही. लपणं तर अजिबात काळजीचं नाही. पण तुमच्या वर्णनात एक गोष्ट मला खटकली आणि माझ्या मते मूळ अडचण तिथेच आहे: ऊब डावीकडे आहे आणि आडोसा उजवीकडे.

हा प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांमधला. दिवसभर दगडाच्या कपारीत राहायचं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडायचं, हा त्याचा दिनक्रम. दिवसा उन्हाने तापलेल्या दगडाखालीच तो असतो, म्हणजे पोटाला ऊब आणि डोक्यावर छप्पर या दोन्ही गोष्टी त्याला एकाच जागी मिळतात. तुमच्या व्हिवेरियममध्ये त्याला दोन्हींतलं एक निवडावं लागतंय. ऊब हवी तर उघड्यावर बसायचं, सुरक्षितता हवी तर थंडीत राहायचं. घाबरलेला प्राणी सुरक्षितता निवडतो. मग शरीर थंड राहतं, आणि थंड शरीरात अन्न पचत नाही. आपल्यासारखी आतून उष्णता तयार करायची सोय त्याच्याकडे नसते, पचनासाठी लागणारी ऊब त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. अशा अवस्थेत खाल्लं तरी ते पोटात तसंच पडून राहतं, कधी उलटूनही पडतं. म्हणून तो खात नाही यात त्याच्या शरीराचा शहाणपणाच आहे. आधी ऊब, मग अन्न, हा क्रम धरा.

उबेबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गेकोंच्या तक्रारी तिथेच सुरू झालेल्या असतात. तुम्ही थर्मोस्टॅटचा, म्हणजे मॅटचं तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाचा, उल्लेख केलेला नाही. नसेल तर आजच आणा, बाकी सगळं नंतर. थर्मोस्टॅटशिवाय मॅट किती तापेल याला धरबंध नसतो आणि पोटाची कातडी भाजते. तो काचेवर किंवा फरशीवर शांत पडून राहतो, म्हणून भाजतंय हे आपल्या लक्षातही येत नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर गेको जिथे पोट टेकवतो त्या पृष्ठभागावर ठेवा. तिथे ३२ ते ३४ अंश सेल्सियस हवं. थंड बाजूला २४-२५ च्या आसपास. रात्री खोली गार होते तेव्हा तब्येतीने धडधाकट, मोठ्या गेकोला १८-२० पर्यंत उतरलेलं चालतं, पण तुमचा लहान आहे आणि खातही नाही, त्यामुळे सध्या ती उबदार जागा रात्रंदिवस चालू ठेवा.

भिंतीला चिकटवलेला तापमापक भिंतीजवळच्या हवेचं तापमान सांगतो. जमिनीवर काय चाललंय ते त्याला कळत नाही. वायरचा सेन्सर असलेले दोन साधे डिजिटल तापमापक घ्या, एक उबदार बाजूच्या जमिनीवर, एक थंड बाजूच्या. आणखी एक गोष्ट पाहा: मॅटवर मातीचा किंवा वाळूचा जाड थर आहे का? असेल तर उष्णता वर पोचत नाही आणि खाली मॅट तापत राहते. पुढच्या काळात वरून उष्णता देणारा हॅलोजन आणि कमी तीव्रतेची यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) नळी लावलीत तर फार चांगलं. मी माझ्याकडे तसंच करते, कारण सूर्याने तापलेला दगड त्यातून जास्त खरा वठतो. पण या आठवड्यात नको. सध्या जे आहे ते नीट करा, नवीन काही फार आणू नका. रात्री लाल किंवा निळा दिवा मात्र कधीच लावू नका. तो त्यांना दिसत नाही असं दुकानात सांगतात. त्यांना दिसतो. रात्र काळोखी हवी.

आता आडोसा. किमान तीन जागा लागतात. एक उबदार बाजूला, बरोबर त्या तापलेल्या जागेवर. एक थंड बाजूला, ती तुमची करवंटी. तिसरी मधोमध, आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा ओला करून पिळलेला किचन टॉवेल ठेवलेली. या तिसऱ्या जागेत तो कात टाकतो. एरवी कोरडी हवा त्याला मानवते, पण कात सुटायला दमटपणा लागतो. तो नसला तर बोटांच्या टोकांवर कातडीची कडी अडकतात, आवळत जातात आणि बोटं झडतात. सोडून दिलेल्या गेकोंमध्ये झडलेली बोटं मी इतक्यांदा पाहिलीत की हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि तो टाकलेली कात खाऊन टाकतो, तेव्हा ती सापडली नाही म्हणून शोधत बसू नका.

लपायची जागा ऐसपैस नको. पाठ वरच्या छपराला आणि कुशी दोन्ही बाजूंना टेकतील इतकी अंगासरशी हवी, आणि आत जायचं तोंड एकच. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन, उपडा करून, कडेला गेको आरामात जाईल एवढं भोक पाडून धार घासून घेतलीत तरी त्याला पुरतं. या तीन जागांच्या मध्ये मोकळं मैदान असेल तर ते ओलांडताना तो घाबरतो, म्हणून सपाट दगड, बुचाच्या झाडाची साल, प्लास्टिकची पानं असं काहीबाही पसरून ठेवा. मोठ्या पेटीत नवा गेको बुजतो असं बरेच जण सांगतात आणि त्याला डब्यात कोंबतात. माझा अनुभव वेगळा आहे. तीन फूट जागा योग्यच आहे, फक्त ती रिकामी नको. पुढच्या काचेचा खालचा अर्धा भाग पहिले दोन आठवडे कागदाने झाकून टाका. घरातल्या माणसांचे पाय आणि टीव्हीचा उजेड त्याला दिसला नाही की तो लवकर बाहेर यायला लागतो.

जमिनीवर सध्या किचन टॉवेलच अंथरा. तो दिसायला चांगला नाही, पण त्यावर लेंडी दिसते, आणि या दिवसांत लेंडी हीच त्याच्या तब्येतीची बातमी. तपकिरी आकार आणि शेजारी पांढरा खडूसारखा भाग, हे ठीक. पातळ, उग्र वासाची, न पचलेला किडा जसाच्या तसा असलेली, हे ठीक नाही. कॅल्शियमची म्हणून विकली जाणारी वाळू वापरत असाल तर काढून टाका. पिल्लं ती चाटतात आणि ती आतड्यात साचते.

खाण्याकडे येते. आत मोकळे फिरणारे सगळे रातकिडे आजच बाहेर काढा. उपाशी रातकिडे विसावलेल्या गेकोला चावतात, बोटं आणि पापण्या कुरतडतात. अंगावर चढणाऱ्या किड्यांमध्ये राहणाऱ्याला शिकारीची इच्छा होत नाही, तो आणखी दडतो. तापमान ठीक करून, आडोसे मांडून, दोन-तीन दिवस फक्त पाणी बदला. मग संध्याकाळी दिवे मंद केल्यावर एकच किडा द्या, चिमट्याने किंवा गुळगुळीत उभ्या कडांच्या वाडग्यात. किड्याची लांबी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. पंधरा-वीस मिनिटांत घेतला नाही तर काढून घ्या, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा.

आणि दुकानात फोन करून एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे तो काय खात होता? फक्त मीलवर्मवर (एका भुंग्याच्या अळ्यांवर) वाढलेल्या पिल्लाला रातकिडा म्हणजे अन्न हे उमगतच नाही. तसं असेल तर आधी तेच द्या, सवयीचं खाऊ दे. स्थिरावला की टोळ, रातकिडे, डुबिया झुरळं आलटून पालटून आणता येतील. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खायला घाला, आणि देताना कॅल्शियमच्या पुडीत घोळवा. जीवनसत्त्वांची पूड आठवड्यातून एकदा पुरे. नुसत्या, पुडीविना दिलेल्या किड्यांवर वाढलेल्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो. ते पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

किती दिवस वाट पाहायची, याला एकच उत्तर नाही. वय, शेपटी आणि वजन यांवर ते ठरतं. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. शेपटी मानेइतकी किंवा तिच्याहून जाड असेल तर मोठा गेको दोन-तीन आठवडे न खाता तग धरतो, विणीच्या काळात तर नर आणि माद्या दोघंही आपणहून खाणं कमी करतात. तुमच्या सहा महिन्यांच्या पिल्लाला इतकी मुभा नाही. ऊब आणि आडोसा नीट केल्यानंतरही दहाएक दिवस काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टर. रंग दुधाळ, फिकट झाला असेल तर तो कात टाकण्याच्या तयारीत आहे, त्या एक-दोन दिवसांत खात नाही, ते दिवस धरू नका.

मी स्वतः भरवसा ठेवते तो वजनकाट्यावर. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा घ्या, स्वयंपाकाचा वेगळा आणि याचा वेगळा. आडोशाच्या डब्यासकट उचलून एका झाकणवाल्या डब्यात घालून आठवड्यातून एकदा वजन करा, आणि रिकाम्या डब्यांचं वजन त्यातून वजा करा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली, तर दिवस कितीही झालेले असोत, थांबू नका. डोळे खोल गेलेले, शेपटी झपाट्याने काडीसारखी झालेली, चालताना लडखडणं, पातळ शी, यांतलं काहीही दिसलं तरी तसंच. डॉक्टर निवडताना सरपटणारे प्राणी नियमित पाहणारेच निवडा, आणि जाताना ताजी लेंडी छोट्या डबीत घेऊन जा. तिच्यात जंत, कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तपासता येतात. शेपटी वेगाने आटत असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीची पीसीआर (जनुकीय) तपासणी करायला सांगा, तो आजार लवकर ओळखलेला बरा. तुमच्या घरात हा एकटाच आहे ते उत्तम. सोबतीला दुसरा आणावा असा विचार मनात आला असेल तर नको. हे एकटे राहणारे प्राणी आहेत.

आता लेकीबद्दल. तो तिच्यावर रुसलेला नाही, हे तिला माझ्याकडून नक्की सांगा. शेपटी वर करून सावकाश, नागमोडी हलवणं म्हणजे ‘माझ्या जवळ येऊ नकोस’. डोक्यावरचा हल्ला चुकवून शत्रूचं लक्ष शेपटीकडे वळवायची ती युक्ती आहे. याउलट शिकार दिसल्यावर शेपटीचं नुसतं टोक थरथरतं, ते उत्साहाचं लक्षण. हा फरक तिला ओळखता आला तर तिला मोठा आनंद होईल. पहिला प्रकार दिसत असताना कुणी ओढाताण केली तर तो शेपटी टाकतो. पुन्हा उगवते, पण बुटकी, गोळ्यासारखी, आणि साठवलेली सगळी चरबी गेलेली असते. आत्ता, न खाण्याच्या दिवसांत, ते फार महागात पडेल.

म्हणून निदान दोन आठवडे त्याला हातावर घेणं पूर्ण बंद. तो सलग चार-पाच वेळा नीट खाईपर्यंत बंदच. मुलाला नव्या शाळेत घातल्यावर पहिल्या दिवशी डबा तसाच परत आला तर आपण वर्गात जाऊन त्याला घास भरवत नाही, त्याला रुळू देतो. इथेही तेच. पण नऊ वर्षांच्या मुलीला नुसतं ‘हात लावू नकोस’ सांगून ठेवणं तिच्यावर अन्याय आहे, तिला काम द्या. एक वही करा. संध्याकाळी साडेसात-आठला खोलीतला मोठा दिवा बंद करून ती लांब, जमिनीवर शांत बसेल आणि लिहील: किती वाजता बाहेर आला, कुठल्या आडोशातून, पाणी चाटलं का, दोन्ही तापमापक काय दाखवतात, लेंडी होती का. ही वही पुढे डॉक्टरांकडे न्यावी लागली तर तिच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नसेल. माझ्याकडून गेको नेणाऱ्या घरांमध्ये जिथे मुलांनी असं टिपून ठेवलं, तिथली मुलं महिन्याभरात प्राण्याची देहबोली मोठ्यांपेक्षा चांगली वाचायला लागली.

दोन आठवड्यांनंतर संध्याकाळी तिने धुतलेला हात व्हिवेरियममध्ये, जमिनीला टेकवून, तळवा वर करून ठेवायचा आणि हलवायचा नाही. वरून हात कधीच आणायचा नाही, वरून येतो तो पक्षी. तो जवळ येऊन जिभेने हात चाटेल, त्यातून त्याला वास कळतो. चाटून गेला तरी त्या दिवसाचं काम झालं. काही दिवसांनी तो स्वतः तळव्यावर पाय ठेवेल. तेव्हा तिने जमिनीवर बसूनच, पाचदहा मिनिटं, दोन हातांच्या ओंजळीत त्याला चालू द्यायचं. भिंतीवर चढणाऱ्या घरातल्या पालीसारख्या त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे उंचावरून पडला तर थेट खाली आदळतो. खाल्ल्यावर दिवसभर हातावर घेणं नको. काही गेको महिन्याभरात माणसाळतात, काही वर्ष घेतात, आणि काहींना हात शेवटपर्यंत आवडत नाही. तुमचा कुठला निघेल ते आत्ता कुणी सांगू शकणार नाही. नीट सांभाळलेला लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगतो. तुमची लेक तेव्हा पंचविशीच्या आसपास किंवा त्याही पुढे असेल, तेव्हा या दोन आठवड्यांची घाई नाही हे तिला समजावता येईल.

आजच्या संध्याकाळसाठी क्रम सांगते. रातकिडे बाहेर. थर्मोस्टॅट आणि दोन सेन्सरवाले तापमापक. उबदार जागेवर एक घट्ट आडोसा, मधे ओलसर आडोसा. किचन टॉवेल. पुढची काच अर्धी झाकायची. एकदा वजन करून आकडा वहीत लिहायचा, आणि मग हात आखडायचा.

आईंबद्दल. त्यांची भीती थट्टेवारी नेऊ नका. पाल अंगावर पडली तर अपशकुन, दुधात पडली तर विषबाधा, हे ऐकतच आपण सगळे वाढलो. पाल विषारी नसते, लेपर्ड गेकोही नाही. पण दुधाच्या गोष्टीत एक खरी बाजू आहे, ती त्यांना मान्य करून सांगा: विष नसलं तरी जंतू असू शकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला असतो, प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांना त्याचा जास्त त्रास होतो. तेव्हा व्हिवेरियम आईंच्या झोपायच्या खोलीत नको आणि स्वयंपाकघरात तर नकोच. त्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका. हात लावल्यावर, अगदी नुसता पाण्याचा वाडगा बदलल्यावरही, साबणाने हात धुवायचे, आणि गेकोचा मुका घ्यायचा नाही, हे लेकीला आत्तापासून अंगवळणी पडू द्या. व्हिवेरियमच्या सरकत्या काचेला साधं कुलूप मिळतं. ते लावून किल्ली आईंच्याच हातात दिलीत तर त्यांना रात्री झोप लागेल, असा माझा अनुभव आहे.

त्यांना हेही सांगा की याचा एक जवळचा भाऊबंद महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या, खडकाळ भागात राहतो आणि लोक तो विषारी समजून त्याला मारतात. भारतातून हे वाचणाऱ्यांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे: तो दिसला तर फोटो काढा आणि जाऊ द्या, घरी आणू नका. रानातून उचललेला प्राणी आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांकडे वाढलेला प्राणी यांच्यात फार फरक आहे. इथे मी लिहिलेलं सगळं माणसांकडे वाढलेल्या प्राण्यासाठी आहे.

आज रात्रीचं वजन आणि उद्या संध्याकाळचं उबदार जागेचं तापमान, हे दोन आकडे मला कळवा. शेपटीचा वरून काढलेला एक फोटोही, पण त्यासाठी त्याला बाहेर काढू नका, तो स्वतः बाहेर येईल तेव्हा फ्लॅश न लावता. त्यावरून तुमच्या गेकोला नेमके किती दिवस द्यायचे ते मला सांगता येईल.